कोडला हात न लावता शेवटची तारीख कशी निभवायची: लोड बॅलन्सरवरच्या नियमांबद्दल

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडते. महाविद्यालयीन प्रवेशाच्या अर्जांचं पोर्टल आहे. मागे अपाची या वेब सर्व्हर प्रोग्रामचे तीन सर्व्हर, प्रत्येकी ८ जीबी मेमरी, जुनं पीएचपी. बनवून देणारा वेंडर काम सोडून गेलाय आणि कोड बदलायला वरून मनाई आहे. शेवटच्या दोन दिवसांत सर्व्हर आडवे होतात, विद्यार्थी अर्ध्यातच लॉगआउट होतात, अधूनमधून ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर न आल्याची त्रुटी) दिसतो. कुणी मुद्दाम त्रास देतंय का हे पाहायला लॉग उघडावा तर प्रत्येक ओळीत आयपी एकच, लोड बॅलन्सरचा. पुढे लोड बॅलन्सर म्हणून एचएप्रॉक्सी हा प्रोग्राम आहे, पण तो फक्त आळीपाळीने विनंत्या वाटतो. हाताशी दहा दिवस आहेत. त्या एचएप्रॉक्सीवर नियम लिहून यातलं किती सुटेल?

जवळजवळ सगळं सुटेल, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींना स्क्रिप्टसुद्धा लागणार नाही.

असे नियम लिहून घेणाऱ्या बॅलन्सरला प्रोग्रामेबल म्हणतात. म्हणजे नेमकं काय ते दोन ओळींत. साधा लोड बॅलन्सर विनंती आली की पुढच्या सर्व्हरला देतो. प्रोग्रामेबल बॅलन्सर ती विनंती उघडून वाचतो: पत्ता कुठला, कुकी कुठली, हेडर (विनंतीसोबत येणाऱ्या माहितीच्या ओळी) कोणते. मग तुम्ही लिहिलेल्या नियमाप्रमाणे ठरवतो की ही पुढे पाठवायची, थांबवायची, बदलायची की परत लावायची. एफ५च्या उपकरणांत हे आयरूल्सने होतं, त्याची भाषा टीसीएल. एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर ओपनरेस्टी आहे, तिथे लुआ ही छोटी स्क्रिप्टची भाषा. एन्व्हॉय या दुसऱ्या बॅलन्सरमध्येही लुआ चालते. एचएप्रॉक्सी विली तारो यांनी २००१ पासून सगळ्यांसाठी खुला केला. त्यात अटी आणि नियमांची स्वतःची भाषा आहे आणि २०१५च्या १.६ आवृत्तीपासून लुआही आहे. तुमच्या कामाला त्या नियमांच्या भाषेतच नव्वद टक्के उत्तर आहे.

सर्व्हर आडवे होण्यापासून सुरुवात करू, कारण बाकीचे बरेच त्रास त्याच्याच पोटातून येतात.

जुनं पीएचपी अपाचीच्या आतच चालत असेल, तर अपाची बहुधा प्रीफोर्क पद्धतीने चालतोय. म्हणजे एका वेळी एका माणसासाठी एक पूर्ण प्रोसेस. अपाची २.४ मध्ये याची कमाल मर्यादा मुळात २५६ असते. आता एक प्रोसेस ६० एमबी खात असेल (तुम्ही मोजून बघा, अशा जुन्या पोर्टलमध्ये एवढी सहज निघते), तर २५६ प्रोसेसना १५ जीबी लागतात. तुमच्याकडे ८ आहेत. शेवटच्या दिवशी गर्दी वाढते, प्रोसेस वाढतात, मेमरी संपते, मशीन स्वॅपवर जातं, म्हणजे मेमरीऐवजी संथ डिस्क वापरू लागतं. एरवी ०.३ सेकंदात होणाऱ्या कामाला २० सेकंद लागतात. पान येत नाही म्हणून मुलं रिफ्रेश दाबतात, आणि आधीचं काम सर्व्हरवर चालूच असताना नवं काम येऊन बसतं.

हा हिशोब कागदावर मांडून बघा. तीन सर्व्हरवर मिळून ७६८ प्रोसेस, प्रत्येक कामाला २० सेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३८ विनंत्या. याउलट प्रत्येक सर्व्हरवर एका वेळी फक्त १०० जण सोडले, मशीन स्वॅपवर गेलंच नाही आणि काम ०.३ सेकंदात होत राहिलं, तर ३०० भागिले ०.३, म्हणजे सेकंदाला १०००. दार अरुंद केलं आणि माणसं पंचवीसपट जास्त आत गेली. डेटाबेस तेवढं झेलणार नाही हे मला माहीत आहे, आकडा निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येईल. पण दिशा हीच राहते.

ते दार एचएप्रॉक्सीमध्ये आहे. सर्व्हरच्या ओळीवर 'मॅक्सकॉन १००' लिहिलं की एकशेएकावी विनंती तो मागे पाठवत नाही, स्वतःकडे रांगेत धरून ठेवतो. त्याच्याकडे वाट पाहणाऱ्या एका जोडणीला ३०-४० केबी लागतात, अपाचीकडे ६० एमबी. पाच हजार मुलं रांगेत उभी राहिली तरी एचएप्रॉक्सीला दोनशे एमबीच्या आसपास मेमरी पुरते. अपाचीची मर्यादा मात्र मॅक्सकॉनपेक्षा थोडी वर ठेवा, ११० वगैरे, म्हणजे हेल्थ चेकला (सर्व्हर चालू आहे का, ही बॅलन्सरची तपासणी) आणि तुम्हाला स्वतःला आत शिरायला जागा राहील.

रांगेच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. रांगेत किती वेळ थांबवायचं ते वेगळं सांगितलं नाही, तर एचएप्रॉक्सी जोडणीसाठी दिलेला टाइमआउट इथेही लावतो. तो बहुतेकांनी ५ सेकंद ठेवलेला असतो. म्हणजे रांग बनते आणि पाच सेकंदांत ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) देऊन मोडते, आणि आपण म्हणतो मॅक्सकॉनचा काही उपयोग झाला नाही. 'टाइमआउट क्यू' ३० सेकंद ठेवा. त्यानंतरही नंबर लागला नाही तर जे पान दिसतं ते स्वतः लिहा, मराठीत, साध्या शब्दांत: गर्दी आहे, दोन मिनिटांनी पुन्हा या, पान सारखं रिफ्रेश करू नका. "तुमचा अर्ज सुरक्षित आहे" हे वाक्य त्या पानावर घालायचा मोह होतो. अर्ज खरोखर सेव्ह झालाय याची खात्री असल्याशिवाय ते लिहू नका. त्या वाक्यावर विसंबून एखादी मुलगी रात्री अकरा वाजता फोन बाजूला ठेवून झोपेल.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. रांगेत सगळे सारखे नसतात. एक जण नुसती माहितीपुस्तिका बघायला आलाय. दुसरीने सात पानं भरली आहेत, पैसे कापले गेले आहेत आणि पेमेंट गेटवेकडून ती परत येते आहे. दुसरी रांगेत अडकली तर पैसे गेले आणि अर्ज 'अपूर्ण', असा प्रकार होतो, आणि पुढचे पंधरा दिवस तुमचं हेल्पलाइनचं माणूस तेवढंच निस्तरत बसतं. एचएप्रॉक्सी १.९ पासून विनंतीला रांगेतला प्राधान्यक्रम देता येतो. आकडा जितका लहान तितका नंबर आधी. पेमेंटहून परतीच्या पत्त्याला आणि गेटवेच्या सर्व्हरकडून येणाऱ्या कॉलबॅकला उणे आकडा द्या, शेवटच्या सबमिटला त्याच्या खालोखाल, लॉगिनच्या पानाला अधिक आकडा. तीन ओळींचं काम आहे. कोडमध्ये हेच करायला गेलात तर महिना जाईल.

फोटो आणि सही अपलोड करणं हा वेगळा त्रास. गावाकडच्या कच्च्या नेटवर्कवर दोन एमबीचा फोटो चढायला मिनिटभर लागतं, आणि तेवढा वेळ अपाचीची एक अख्खी प्रोसेस नुसती बसून असते. इथे एचएप्रॉक्सीच्या मर्यादा माहीत असाव्यात. तो विनंतीचा मजकूर आपल्या बफरपुरताच धरतो, जो मुळात १६ केबीचा असतो. अख्खी फाइल आधी स्वतःकडे घेऊन मग मागे देणं त्याला जमत नाही. एनजिनएक्स ते आपणहून करतो, मोठी फाइल असेल तर तात्पुरती डिस्कवर ठेवतो. म्हणून फक्त अपलोडच्या पत्त्यासाठी मधे एक लहान एनजिनएक्स बसवा. पण लक्षात ठेवा, त्याची मुळातली कमाल मर्यादा १ एमबी असते. ती वाढवायची राहिली तर दोन एमबीचा फोटो ४१३ (फाइल फार मोठी) ही त्रुटी खाऊन परत येईल आणि नवंच प्रकरण सुरू होईल.

लॉगआउट होण्याचं कारण बहुधा सरळ आहे. पीएचपी सेशनची, म्हणजे कोण लॉगिन आहे याची, फाइल ज्या त्या सर्व्हरच्या डिस्कवर लिहितं. पुढची विनंती दुसऱ्या सर्व्हरला गेली की तिथे ती फाइल नाही, म्हणून तुम्ही अनोळखी. यावर आयपी बघून माणूस एकाच सर्व्हरला बांधण्याचा सल्ला तुम्हाला मिळाला असेल. तो घेऊ नका. मोबाइलवरून वायफायवर गेलं की आयपी बदलतो. आणि एखाद्या महा ई-सेवा केंद्रातून किंवा कॉलेजच्या लॅबमधून चाळीस मुलं बसली की चाळीसही जणांचा भार एकाच सर्व्हरवर. त्याऐवजी एचएप्रॉक्सीला स्वतःची कुकी घालायला सांगा, ज्यात सर्व्हरचं नाव असेल. दोन ओळी. फक्त तो सर्व्हर बंद पडला की त्याच्यावरचे सगळे बाहेर फेकले जातात, त्यामुळे हा निम्मा इलाज आहे. उरलेला निम्मा पीएचपी.आयएनआय मध्ये आहे: सेशन फाइलऐवजी रेडिसमध्ये (तिन्ही सर्व्हरना सामायिक असा मेमरीतला साठा) ठेवायला सांगणाऱ्या दोन ओळी, आणि रेडिसचं एक्स्टेन्शन. पोर्टलने सेशन नेहमीच्या पद्धतीनेच वापरलं असेल तर याला कोडचा एक शब्द बदलावा लागत नाही. वरच्या मनाईत सर्व्हरचं कॉन्फिगरेशन येतं का, हे तेवढं विचारून घ्या.

लॉगमधल्या त्या एकाच आयपीचं झटपट सांगते. एचएप्रॉक्सी खरा आयपी एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमध्ये लिहू शकतो, पण ब्राउझरकडून तो हेडर आधीच आला असेल तर आपला आयपी त्याच्या मागे जोडतो, आधीचं पुसत नाही. म्हणून पहिला नियम आलेला हेडर काढून टाकण्याचा, मग आपला घालण्याचा. नाहीतर कुणीही हवा तो आयपी लिहून पाठवेल आणि तुमच्या लॉगमध्ये तो खरा म्हणून बसेल. अपाचीच्या बाजूला रिमोटआयपी मॉड्यूल चालू करा, त्याला तुमच्या बॅलन्सरचा पत्ता विश्वासाचा म्हणून सांगा, आणि लॉग फॉरमॅटमधलं 'टक्का एच' बदलून 'टक्का ए' करा. हे शेवटचं विसरलं जातं.

खरे आयपी दिसायला लागले की "दर आयपीला मिनिटाला इतक्याच विनंत्या" असा नियम लिहावासा वाटेल. जरा थांबा. आपल्याकडे मोबाइल कंपन्या आयपीव्ही४ वर कितीतरी ग्राहक एकाच पत्त्यामागे ठेवतात. त्यात ती ई-सेवा केंद्रं. आयपीवर कडक मर्यादा लावली की मार बसतो तो घरी कॉम्प्युटर नसलेल्या, केंद्रात पन्नास रुपये देऊन फॉर्म भरून घेणाऱ्या मुलांना. मर्यादा सेशनच्या कुकीवर लावा. ओटीपी मागण्याच्या पानावर ती मोबाइल नंबरवर लावा: एचएप्रॉक्सी विनंतीच्या मजकुरातला नंबर वाचू शकतो (त्यासाठी मजकूर बफर करायचा पर्याय चालू हवा), आणि त्याच्या स्टिक टेबलमध्ये (मोजदाद ठेवणारा तक्ता) तो नंबर गेल्या दहा मिनिटांत किती वेळा आला हे मोजता येतं. आयपीवरची मर्यादा ठेवायचीच असेल तर इतकी सैल ठेवा की ती फक्त यंत्रालाच लागेल.

आता ५०२. त्यावर मी आयुष्यातले पुरते चार दिवस घालवलेत, म्हणून जरा सविस्तर सांगते. एका कंपनीत क्लाउडमधल्या बॅलन्सरमागे नोडचे (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) सर्व्हर होते. दिवसभरात पन्नासेक ५०२ यायचे, कधीही, कुठल्याही पानावर. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या विनंत्यांची नोंदच नसायची. जणू त्या आल्याच नाहीत. शेवटी सर्व्हरवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरचं प्रत्येक पॅकेट टिपणारं साधन) लावून बसलो, आणि एक ५०२ पकडला. सर्व्हरने १४:०७:३१.४०२ ला जोडणी बंद करत असल्याचं पॅकेट पाठवलं होतं. १४:०७:३१.४०३ ला, म्हणजे एका मिलिसेकंदाने, त्याच जोडणीवर बॅलन्सरची नवी विनंती येऊन थडकली. दोघं वाटेत एकमेकांना ओलांडून गेले. सर्व्हरने "ही जोडणी तर मी बंद केली" म्हणून रीसेट मारला, बॅलन्सरने ग्राहकाला ५०२ दिला.

कारण दोन आकड्यांत होतं. रिकामी जोडणी बॅलन्सर ६० सेकंद उघडी धरत होता, आणि नोड आपल्या मुळातल्या सेटिंगप्रमाणे ५ सेकंदांत बंद करत होता. सर्व्हरचा आकडा बॅलन्सरच्या वर, ६५ वर नेला आणि ५०२ थांबले. अपाचीचाही कीपअलाइव्हचा, म्हणजे रिकामी जोडणी उघडी धरण्याचा, मुळातला आकडा ५ सेकंदच आहे, त्यामुळे तुमच्याकडेही हेच होत असण्याची शक्यता बरीच आहे. पण तुम्ही आकडा वाढवू नका. प्रीफोर्कमध्ये रिकामी जोडणीसुद्धा एक प्रोसेस अडवून बसते. तुमच्यासाठी 'एचटीटीपी-सर्व्हर-क्लोज' हा पर्याय योग्य: ब्राउझरशी जोडणी उघडी राहते, सर्व्हरशी मात्र प्रत्येक विनंतीनंतर बंद होते. टक्कर होण्याचा प्रश्न मिटतो आणि प्रोसेसही मोकळ्या होतात. एकाच डेटा सेंटरमध्ये दर वेळी नवी जोडणी करायचा खर्च मिलिसेकंदाहून कमी असतो.

अपयशी विनंती एचएप्रॉक्सीला परस्पर पुन्हा पाठवायला सांगता येतं, २.० पासून ते बारकाईने ठरवता येतं. ते फक्त नुसत्या वाचायच्या पानांसाठी लावा. पैसे भरायची किंवा सबमिटची विनंती आपोआप दोनदा गेली तर पुढे काय होईल हे तुम्हाला सांगायला नको.

आधी खात्री करायची असेल तर एचएप्रॉक्सीच्या लॉगमधली चार अक्षरांची खूण वाचायला शिका. पहिलं अक्षर मोठं एस असेल तर सर्व्हरने जोडणी तोडली, लहान एस असेल तर सर्व्हरची वाट बघून वेळ संपली. दुसरं अक्षर कुठे ते सांगतं: क्यू म्हणजे रांगेत, सी म्हणजे जोडताना, एच म्हणजे उत्तराचे हेडर यायच्या आधी. ५०२ सोबत मोठा एस आणि एच दिसला तर वरची गोष्ट असू शकते किंवा पीएचपी मधेच मेलं असेल. लहान एस आणि क्यू दिसला तर रांग अपुरी पडतेय. एवढं कळलं की अर्ध्या बैठका टळतात.

हेल्थ चेकबद्दल एकच इशारा. चेकच्या पानात डेटाबेसला हात लावू नका. मी हे घडताना पाहिलंय: रात्री बॅकअपने टेबल अडवलं, चेकचं पान अडकलं, आणि तिन्ही सर्व्हर एकदम 'डाउन'. मुळातल्या सेटिंगने दर दोन सेकंदांनी चेक होतो आणि तीनदा चुकला की सर्व्हर बाहेर. सहा-सात सेकंदांत धडधाकट सर्व्हर काढून टाकून बॅलन्सर सगळ्यांना ५०३ देत बसला. बॅकअप संपेपर्यंत पानं थोडी हळू आली असती, एवढंच खरं नुकसान होतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण जुनं पीएचपी आहे म्हणून सुरक्षेचं सांगते. जुलै २०१६ मध्ये एचटीटीपॉक्सी नावाची त्रुटी बाहेर आली. विनंतीत 'प्रॉक्सी' नावाचा हेडर पाठवला की सीजीआयच्या (वेब सर्व्हरने प्रोग्रामला विनंती सोपवण्याची पद्धत) जुन्या रीतीमुळे तो एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या नावाशी जुळायचा, आणि सर्व्हर स्वतः बाहेर करत असलेली बोलणी हल्लेखोराच्या मशीनमार्फत जायची. इलाज बॅलन्सरवर एका ओळीत: तो हेडर काढून टाका. हा इलाज पूर्ण होता, कारण त्या हेडरचा प्रामाणिक उपयोग कुणालाच नव्हता. ऑगस्ट २०११ मध्ये अपाचीचा रेंज हेडरचा (फाइलचे तुकडे मागणारा हेडर) घोळ झाला, तेव्हाही दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत पाचपेक्षा जास्त तुकडे मागणारी विनंती पुढेच छाटून अनेकांनी सर्व्हर उभे ठेवले. डिसेंबर २०२१ च्या लॉग४शेलमध्ये (जावाच्या लॉग४जे लायब्ररीतली त्रुटी) मात्र हे चाललं नाही. नियम ठरावीक अक्षरं शोधायचे आणि हल्लेखोर तीच अक्षरं दहा प्रकारे लपेटून पाठवायचे. तिथे बॅलन्सरच्या नियमाने काही तास मिळाले, दुरुस्ती लायब्ररी बदलूनच झाली. म्हणून मी नियम लिहिताना हेच बघते: ज्याचा कुणालाच उपयोग नाही अशी वस्तू मी काढतेय, की वाईटाला चेहऱ्यावरून ओळखायला बघतेय? पहिल्या प्रकारचा नियम निश्चिंत लावा. प्रॉक्सी हेडरचा आजच लावा.

लुआ कधी? तुमच्या यादीत तिची गरज मला दिसत नाही. पुढे वापरलीत तर लक्षात घ्या की एचएप्रॉक्सी हजारो जोडण्या मोजक्या थ्रेडवर (एका वेळी एकच काम करणारे धागे) सांभाळतो. लुआमध्ये फाइल वाचायला किंवा बाहेरच्या सर्व्हिसला साध्या सॉकेटने विचारायला गेलात, तर उत्तर येईपर्यंत त्या थ्रेडवरचे सगळे खोळंबतात. बाहेर बोलायचं असेल तर त्याने दिलेलीच साधनं वापरा. आणि पात्रता, आरक्षण, फी असले निर्णय तिथे कधीच नेऊ नका. पोर्टलचा कोड वाचणाऱ्या माणसाला ते कुठेच सापडणार नाहीत, आणि कुणाचा अर्ज का नाकारला गेला याचं उत्तर द्यायला कुणी उरणार नाही. प्रत्येक नियमावर कॉमेंट हवी: का लावला, कुणी लावला, कधी काढायचा. फाइल गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) ठेवा.

दहा दिवसांचं माझं वेळापत्रक असं असतं. पहिल्या दिवशी फक्त लॉग नीट करा, खरे आयपी आणि ती चार अक्षरी खूण, आणि एका प्रोसेसची मेमरी मोजा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मॅक्सकॉन, क्यू टाइमआउट, सर्व्हर-क्लोज आणि कुकी. मधले दिवस रेडिस, अपलोडचा एनजिनएक्स आणि प्राधान्यक्रम. बॅलन्सरचं मशीन एकच असेल तर कीपअलाइव्हडी (एक मशीन पडलं की दुसऱ्याकडे काम नेणारं साधन) लावून दुसरं जोडीला ठेवा, कारण आता सगळा भरवसा त्याच्यावर आहे. प्रत्येक बदलाआधी कॉन्फिग तपासण्याची कमांड चालवून मगच रीलोड. शेवटचे तीन दिवस काहीही बदलू नका. त्याच्या आदल्या संध्याकाळी मॅक्सकॉन मुद्दाम २ वर आणा, चार सहकाऱ्यांना एकदम फॉर्म उघडायला लावा आणि रांग लागलेली असताना स्वतः एक अर्ज पैसे भरून पूर्ण करा. पेमेंटहून परतताना तुमचा नंबर त्यांच्या आधी लागला पाहिजे.